चालू घड्याळ

"सहा वीस," अण्णा म्हणाले. "चालू हाय."

मी सतरंजीवर डोळे चोळत उठून बसले. आदल्या संध्याकाळी पुण्याहून एसटीने आले होते आणि कंबर अजून बसमध्येच होती. अण्णा पलंगावर उताणे पडले होते. उजव्या हाताने त्यांनी आपला डावा हात मनगटाखाली धरून उचलला होता, फडताळातून बरणी काढावी तसा, आणि डोळ्यांसमोर आणून घड्याळ बघत होते. बघून झाल्यावर त्यांनी तो हात परत पोटावर ठेवला आणि बोटं एकेक करून सरळ केली.

"ऐकलीस का गं?" त्यांनी स्वयंपाकघराकडे आवाज दिला. "चालू हाय म्हटलं."

"ऐकलं," आतून आई म्हणाली. "चहा टाकलाय."

माझे वडील जयकुमार चौगुले कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्री चालवत. पंपांचे ओतीव भाग बनवायचे. उभं आयुष्य भट्टीपुढे गेलं. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने ओढण्यापुरता परत आला, हात काही आला नाही. वाचा मात्र शाबूत राहिली. "हात गेला आणि तोंड वाचलं. देवानं उलटं करायचं होतं," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि अण्णा त्यावर खुशीत हसायचे.

घड्याळ होतं स्विस. जाड, पोलादी, निळ्या तबकडीचं, ऑटोमॅटिक. जर्मनीच्या गिऱ्हाइकाचं पहिलं मोठं काम मिळालं तेव्हा परतताना तिकडच्याच विमानतळावर त्यांनी ते घेतलं. खरी किंमत आईला कधीच सांगितली नाही. सांगितली असती तर ते माघारी पोचवायला तिने त्यांना पुन्हा विमानात बसवलं असतं. माणसाला दुसरी कसली चैन नव्हती. चार शर्ट, एक स्कूटर आणि हे घड्याळ.

मी शाळेत असताना त्यांनी ते माझ्या कानाला लावलं होतं. "यात सेल नसतोय, पमे. आत एक सुटं वजन असतंय, अर्ध्या चकतीसारखं. हात हालला की ते फिरतंय आणि त्यावर स्प्रिंग गुंडाळली जातीय. माणूस हालतंय तवर हे चालतंय. काढून ठेवलं की दीड-दोन दिवसांत बंद."

आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायची आमच्या घरची रीत, आणि अण्णा ती कारखान्यातही पाळायचे. भट्टी कितीही तापलेली असो, संध्याकाळ झाली की मनगट वळवून बघायचे आणि डबा उघडायचे. मालकांनी घड्याळ बघितल्याशिवाय सूर्य मावळत नाही, अशी कामगारांत थट्टा चालायची.

आता त्याच घड्याळाने अण्णांना निराळंच वेड लावलं होतं. डावा हात दिवसभर निपचित पडलेला, घड्याळ त्याच मनगटावर, आणि तरी रोज सकाळी बघावं तर ते चालू. "याचा अर्थ काय?" ते विचारायचे. "याचा अर्थ, रात्री झोपेत हात हालतोय. आपल्याला दिसत नाही, मला कळत नाही, पण हालतोय. घड्याळाला खोटं बोलता येत नाही." डॉक्टर नुसती मान हलवायचे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी "हो का, काका" म्हणायची. पुण्यात मी रोज फोनवर हेच ऐकत होते आणि मलाही ते पटायला लागलं होतं. नोकरी, घर आणि दर पंधरवड्याला कोल्हापूरची फेरी करून मी पार थकून गेले होते. थकलेल्या माणसाला चांगली बातमी लवकर पटते.

चहाची कपबशी घेऊन मी स्वयंपाकघरात गेले, तर आई ओट्याला टेकून उभी होती. चेहरा सुकलेला, डोळ्यांखाली काळं. माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"पमे, ह्यांचं घड्याळ इकून टाक बघ."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "कुठलं घड्याळ?"

"ह्यांची किती घड्याळं हाईत? हातातलं."

"का? पैशाची अडचण आहे का?"

"पैशाचं काय न्हाई. फाउंड्रीतनं दादा वेळेवर पाठवतोय." दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, आता कारखाना तोच बघत होता.

"मग?"

"मग काय मग? घरात सतरा जण येत्यात. कामाची बाई नवीन हाय. एवढं महागाचं हातावर घालून माणूस झोपलेलं असतंय. कुणी काढून नेलं तर?"

"दाराला कडी लाव."

"तो पट्टा रुततोय मनगटाला. कातडी लाल झालीय."

"पट्ट्याची एक कडी वाढवून आणते."

"तुला इकायला सांगितलं तर इकायचं! मी सांगतो तेवढं कर." (आमच्याकडच्या बायका ‘सांगते’ म्हणत नाहीत. मी तेच बोलत पुण्याला नांदायला गेले, तर सासरची मंडळी वर्षभर हसत होती.)

मग मात्र माझा तोल गेला. मी तिला नको ते बोलले. त्या माणसाजवळ आशेला धरून राहायला एवढी एकच वस्तू उरली आहे, सकाळी डोळे उघडल्यावर तो तिच्याकडे बघतो, आणि तू ती काढून घ्यायला निघालीस? तुला त्यांची कटकट झालीय का? आई वळली, परातीत पीठ घेतलं आणि पाणी न घालताच मळायला लागली. थोड्या वेळाने तिच्या ते लक्षात आलं. तेव्हा तिने तांब्या उचलला.

मी ठरवलं, अण्णांनाच विचारायचं. ते नाही म्हणणार आणि विषय संपणार. दुपारी त्यांच्या पायाला तेल लावता लावता मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "अण्णा, आई म्हणतेय घड्याळ विकायचं."

ते छताच्या पंख्याकडे बघत होते.

"आई म्हणतीय?"

"हो."

"मग इक की."

"अहो, पण..."

"जुनं झालंय आता. हात बरा झाला की दुसरं घेऊ, नव्या तऱ्हेचं." आणि डोळे मिटून घेतले. "चांगलं गिऱ्हाईक बघ मात्र. कदर असणारं."

मी चक्रावून गेले. जीव की प्राण असलेली वस्तू हा माणूस दोन वाक्यांत देऊन मोकळा होतो, आणि जिने ती विकायला काढली ती बाई पाणी न घालता पीठ मळते. या घरात काय चाललंय तेच मला कळेना. शेवटी वैतागून घड्याळाचे फोटो काढले आणि पुण्याला पाठवून दिले.

माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने अझहर बागवान या मुलाचं नाव सांगितलं होतं. कॅम्पात त्याचं छोटं दुकान होतं आणि जुन्या, भारी घड्याळांची तो खरेदी-विक्री करायचा. फोटो बघून त्याचा लगेच फोन आला. तो एका लग्नासाठी रविवारी कोल्हापुरातच येणार होता. दुपारी घरी येऊन बघतो म्हणाला.

रविवारी पहाटे मला तहान लागून जाग आली. मी त्याच खोलीत खाली झोपले होते. बाहेर अजून अंधार होता, पण रस्त्यावरच्या दिव्याचा थोडा उजेड खिडकीच्या गजांतून पलंगावर पडत होता. पलंगाशी कोणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. मी दचकले. मग ओळखलं. आई.

अण्णांचा डावा हात तिने मांडीवर घेतला होता. मान खाली घालून, दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी धरून ती हळूहळू फिरवत होती. कर्र, कर्र, कर्र. उंदराने कागद कुरतडावा एवढासा आवाज. फिरवून झालं, दाबलं, पुन्हा फिरवलं. मग तो हात तिने अलगद होता तसा पोटावर ठेवला, बोटं सरळ केली, पलंगाच्या कडेला धरून उठली आणि गुडघा चोळत आत गेली. अण्णा शांत पडले होते. श्वास एका लयीत चालला होता.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. तिने मला बघितलं. तिला दचकायलाही त्राण नव्हतं. पाटावर बसली आणि म्हणाली, "बघितलंस?"

"कधीपासून?"

"दवाखान्यातनं आणल्यापासनं." तिने पदराने तोंड पुसलं. "आणल्या आणल्या ह्यांनी मागून घेतलं, हालवून चालू केलं आणि हातावर बांधायला लावलं. म्हणले, आता बघू हात हालतोय का न्हाई, घड्याळ सांगंल. दोन दिवसांनी सकाळी बघितलं तर बंद. पमे, त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. दिवसभर पाणीसुद्धा तोंडात घेतलं न्हाई. रडलं असतं, चिडलं असतं तर बरं वाटलं असतं मला. नुसतं भिंतीकडं बघत पडलं होतं."

"मग?"

"मग महाद्वार रोडच्या घड्याळवाल्याकडं गेलो. म्हटलं, बाबा, हात न हालवता हे चालवायचं असलं तर काय करायचं? त्यानं सगळं दाखवलं. ती बाजूची चावी आधी उलटी फिरवून सोडवायची, मग द्यायची, मग दाबून परत आवळायची. पहाटे हे झोपेत असतानाच काटे लावून चावी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी बघितलं, चालू हाय म्हणून ओरडले आणि दोन भाकऱ्या मागून खाल्ल्या." ती थोडं हसली. "तवापासनं रोज उठतोय."

तिने हात पुढे केला. अंगठ्याच्या आणि बोटाच्या टोकाला कातडी जाड, काळसर झाली होती. मी तो हात धरला आणि मला एकदम रडू आलं. दोन दिवसांपूर्वी मी तिला काय काय बोलले होते!

"मग आता विकायचं का म्हणतेस?"

"दमलो गं मी." एवढं साधं बोलली ती. "उठायचं काय न्हाई, बायकांचा जन्मच उठण्यात जातोय. पण झोपच लागत न्हाई. जाग न्हाई आली तर? मला ताप आला तर? तुझ्या मावशीच्या नातवाच्या बारशाला बोलावलं होतं, एका रात्रीचा मुक्काम. गेलो न्हाई. एक दिवस चुकायचं, घड्याळ बंद पडायचं आणि हे परत भिंतीकडं तोंड करायचे. ते मला परत बघायचं न्हाई. चालू हाय तवर घरातनं जाऊ दे. मग ह्यांना म्हणता येईल, हात हालत होता की, घड्याळ इकलं म्हणून कळंना झालं."

बाहेर कुठेतरी कोंबडा आरवला. आईने उठून गॅस पेटवला.

थोड्या वेळाने खोलीतून अण्णांचा आवाज आला. "सहा दहा. चालू हाय!"

"ऐकलं," आई म्हणाली. आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही.

दुपारी अझहर आला. तिशीच्या आतला, नीट विंचरलेला, बोलायला मऊ. अण्णा खुर्चीत बसले होते. डाव्या हातावर शाल पांघरलेली. बाहेरच्या माणसासमोर ते नेहमी तशीच पांघरायला लावत. त्यामुळे त्या मुलाला काही कळलं नसावं. वयस्कर गृहस्थ थंडी वाजते म्हणून बसलेत, एवढंच त्याला दिसत होतं.

"काका, डबा आहे का याचा?" त्याने पहिलंच विचारलं. "कंपनीचा."

आईने कपाटातून डबा आणला. आत मखमलीच्या उशीवर सुया, बटणं आणि सेफ्टी पिना.

"अरे देवा," अझहर म्हणाला. "काकू, या डब्याला वेगळे पैसे मिळतात."

"मिळू देत की. मग सुया कशात ठेवू?"

अण्णा मोठ्याने हसले. आईने तोंड वाकडं करत सगळ्या सुया स्टीलच्या वाटीत ओतल्या. मलाही हसू आलं. क्षणभर वाटलं, चला, सोपं आहे, होऊन जाईल.

मग आई खुर्चीजवळ गेली, शालीच्या आत हात घालून तिने पट्टा सोडला आणि घड्याळ अझहरला दिलं. त्याने टेबलावर स्वच्छ कापड पसरलं, डोळ्याला भिंग लावलं आणि कामाला लागला. काच बघितली, मागचं झाकण बघितलं. पिशवीतून एक लहान यंत्र काढून घड्याळ त्याच्यावर ठेवलं. ते यंत्र टिकटिक ऐकून घड्याळाची तब्येत सांगतं म्हणे. त्याचं समाधान झालेलं दिसलं. "मशीन चांगलं आहे. वापरलंयही प्रेमाने." मग त्याने बाजूची चावी दोन बोटांत धरून हलवून बघितली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय झालंय?"

आई चहाचा ट्रे घेऊन येत होती. ती जागच्या जागी उभी राहिली.

"चावी डगमगतेय," अझहर म्हणाला. "दांडी एका अंगाला झुकलीय. पेचही झिजलाय. काका, ऑटोमॅटिकला कुणी अशी रोज चावी देत नाही. हात हालला की आपोआप चालतं ते. आणि हे तर मनगटावर असतानाच दिलेलं दिसतंय, तिरकं धरून. म्हणून दांडी वाकली. किती महिने चाललंय हे?" त्याने भिंग काढून आमच्या सगळ्यांकडे बघितलं. अगदी निरागसपणे. "रोज चावी देतं कोण?"

ट्रेमधले कप किणकिणले. मला वाटलं, आता पुढे होऊन काहीतरी बोलावं, कामाच्या बाईवर ढकलावं. आईची नजर अण्णांच्या चेहऱ्यावर खिळली होती. इतके महिने पहाटे उठून जे झाकलं, ते या पोराने चहा यायच्या आत उघडं करून टेबलावर ठेवलं होतं.

अण्णांनी घसा साफ केला.

"मी देतो," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"मग काय तर. घरात बसून असतोय. चाळा लागलाय चावी फिरवायचा." त्यांनी उजवा हात वर करून चिमूट फिरवून दाखवली. "उजवा हात रिकामा असतोय ना."

"तसं नाही करायचं, काका. हातातून काढून द्यायची असते."

"आता कुठं देणार? तू घेऊन चाललास की."

अझहर हसला. आईने ट्रे टेबलावर ठेवला. चहा बश्यांत सांडला होता. ती आत गेली. मी मागे गेले.

ओट्याला धरून ती उभी होती. "पमे, हे असं कसं म्हणले? ह्यांना ती चावी एका हातानं सोडवायलासुद्धा यायची न्हाई."

"त्या मुलासमोर वेळ मारून नेली असेल."

"कुणासाठी?" आई म्हणाली.

तिचं तिलाच काहीतरी उमगत होतं, पण ते उमगू द्यायची तिची तयारी नव्हती. माझीही नव्हती. मी फडकं घेऊन बाहेर आले आणि सांडलेला चहा पुसला.

चावीपायी अझहरने भाव थोडा खाली आणला. अण्णांनी घासाघीस केली नाही. आयुष्यभर व्यापाऱ्यांशी दोन-दोन तास भांडलेला माणूस नुसता "बरं" म्हणाला. व्यवहार झाला, कागदावर सही झाली. अझहर घड्याळ मखमली डब्यात ठेवायला लागला, तेव्हा अण्णा म्हणाले,

"ऐक. चालू हाय न्हवं?"

"एकदम."

"मग डब्यात घालू नको. बंद पडंल."

त्या मुलाने त्यांच्याकडे बघितलं. एवढ्या वेळात त्याच्याही ध्यानात काहीतरी आलं असावं, कारण त्याची नजर त्या शालीवर जाऊन परत आली. "मग हातात घालूनच नेतो, काका," तो म्हणाला, आणि घड्याळ त्याने आपल्या डाव्या मनगटावर बांधलं. फाटकाशी जाऊन त्याने मागे वळून हात हलवला. घड्याळाचाच हात. अण्णा तो हात रस्त्याच्या वळणापर्यंत बघत होते.

"चला," मग ते म्हणाले. "दिवस मावळायला आला असंल. वाढा."

भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे दिवस मावळायला अजून बराच अवकाश होता. तरी आईने पानं घेतली आणि आम्ही जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी मला पुण्याला परतायचं होतं. पहाटे अंधारातच पुन्हा जाग आली. आई उठली होती. सवयीने उठली असणार, अर्धवट झोपेत. रोजच्यासारखी पलंगाशी गुडघे टेकून बसली, अण्णांचा हात मांडीवर घेतला आणि तिची बोटं मनगटावर चावी शोधायला लागली. तिथे काही नव्हतं. पट्ट्याच्या जागची पांढरी कातडी तेवढी होती. ती तशीच बसून राहिली, त्या मनगटावर बोटं ठेवून.

"सुलोचना," अण्णा म्हणाले.

माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून तिचं नाव ऐकलं नव्हतं. ‘अगं’ आणि ‘ऐकलीस का’ एवढ्यावर त्यांचा संसार झाला होता. आवाज झोपेतला नव्हता. चांगला जागा होता.

"झोप आता," ते म्हणाले. "इकलं न्हवं का ते."

आईच्या तोंडून कसलासा आवाज आला, रडण्याचा की हसण्याचा ते मला सांगता येणार नाही. "तुम्ही जागे असता?" ती म्हणाली. "रोज?"

"हाताला कळत न्हवतं. कानाला कळत होतं."

"मग बोलला का न्हाई?"

मी पांघरुणात तोंड घालून ऐकत होते.

"पहिल्या दिवशी ते कर्र कर्र ऐकलं," अण्णा म्हणाले, "तवाच कळलं, हात काय आता येत न्हाई. मग सकाळी तू चहा घेऊन आलीस. तोंड असलं झालेलं तुझं. म्हटलं, चालू हाय. आणि तू हसलीस. दवाखान्यातनं आल्यापासनं पहिल्यांदा हसलीस. मग रोज म्हणत गेलो."

"आणि मी रोज उठत गेलो," आई म्हणाली.

"येडी हाईस."

"तुम्ही शाणे."

आईने डोकं पलंगाच्या कडेला टेकलं. बघता बघता तिचा श्वास जड झाला. ती बसल्या जागी, खाली फरशीवर, झोपून गेली. पाच मिनिटांत घोरायला लागली. माझ्या आईला घोरताना मी कधी ऐकलं नव्हतं.

उजाडलं. सहा वाजले असतील, सव्वासहा वाजले असतील, कोणी सांगितलं नाही. अण्णांनी माझ्याकडे बघून उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि फाटकाकडे खूण केली. दूधवाला बेल वाजवेल. मी अनवाणी पळत बाहेर गेले, त्याला रस्त्यातच थांबवलं आणि पातेलं घेऊन आले. परत आले तेव्हा उन्हं खोलीत शिरून आईच्या पायांपर्यंत आली होती. ती अजून झोपलेलीच होती, आणि झोपेत तिने अण्णांचा डावा हात मनगटाशी घट्ट धरून ठेवला होता. हात खांद्यातून वेडावाकडा ओढला गेला होता. मला वाटलं, त्यांना त्रास होत असेल. मी वाकून तिची बोटं सोडवायला गेले.

"नको," अण्णा हळूच म्हणाले. "माझ्या हाताला काय कळत न्हाई ते. पण असू दे."